गल्लीचा रस्ता पुन्हा बांधताना

(बी. कॉम., अंतिम वर्ष)

आमच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, असे आजोबा सांगत. माझ्या लहानपणी त्यांतली एक शिल्लक होती. आज एकही नाही. पायऱ्या कोणी चोरून नेल्या नाहीत. रस्ताच वर वर चढत आला आणि त्याने त्या गिळल्या. जुने डांबर न खरवडता त्यावर पाच सेंटीमीटरचा नवा थर टाकायचा, अशी रीत वर्षानुवर्षे चालली, की तीन थरांत पंधरा सेंटीमीटरची एक पायरी जाते. नऊ थरांत दुकान रस्त्याच्या पातळीवर येते. दहाव्या थरानंतर पाणी घरात येते, आणि आपण पावसाला दोष देत बसतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत जानेवारीत डांबर पडले. एप्रिलमध्ये तेच डांबर नळाच्या पाइपासाठी उकरले गेले. चर माती टाकून बुजवला, पण धुम्मस केले नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चर खचला, गटार तुंबले आणि दुकानातील वह्यांचे गठ्ठे खालून भिजले. शाळा सुरू होण्याचे ते दिवस. वर्षभराची निम्मी कमाई ज्या दीड-दोन महिन्यांत होते, त्याच महिन्यांत बाबा ओल्या वह्या उन्हात पसरत होते. कुणी काही बोलले की एवढेच म्हणत, "रस्ता म्हंजे असंच असतंय की."

गेल्या हिवाळ्यात गल्लीचा संपूर्ण रस्ता नव्याने बांधणार अशी नोटीस लागली. नोटीस कन्नडमध्ये होती. तीत 'कामगारी' हा शब्द वाचून आमच्याकडच्या एका काकांनी 'कामगार येणार' असा अर्थ घेतला. कन्नडमध्ये कामगारी म्हणजे बांधकामाचे काम. तिथलाच 'गुत्तिगेदार' म्हणजे आपला कंत्राटदार, ज्याला मराठवाड्यात आजही गुत्तेदार म्हणतात. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले असले तरी कन्नड वाचता येते. म्हणून ती नोटीस मी देवळाच्या ओट्यावर सर्वांना वाचून दाखवली. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मागे लागला, आणि जे शिकले ते येथे मांडत आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने इंजिनिअरच्या कामात का डोकावे, असे कुणी म्हणेल. पण रस्ता ही एक मालमत्ता आहे, आणि मालमत्तेचा हिशेब ठेवणे हेच तर आपण शिकतो.

पहिला धडा : खालून वर

रस्त्याची योजना पृष्ठभागापासून सुरू होत नाही. डांबर किंवा काँक्रीट हे शेवटचे पान आहे. त्याच्या खाली पिण्याच्या पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, विजेच्या व टेलिफोनच्या केबली आणि पावसाळी गटार असते. प्रथम या सर्वांची जागा व खोली मोजून एक नकाशा करावा लागतो. जुना पाइप बदलायचा असेल तर तो आताच बदलावा. घरोघरच्या जोडण्याही आताच कराव्या. पुढे लागणाऱ्या केबलींसाठी रिकाम्या नळ्या रस्त्याच्या आडव्या टाकून ठेवाव्या, म्हणजे उद्या केबल ओढायला रस्ता फोडावा लागत नाही.

बेंगळुरूमध्ये 'टेंडरशुअर' या नावाने जे रस्ते नव्याने बांधले, त्यांत हेच तत्त्व होते. केबली व पाइप रस्त्याच्या मध्यातून काढून कडेच्या नळ्यांत घातले, ठरावीक अंतरावर झाकणाचे चेंबर केले आणि त्यांवर रुंद पदपथ बांधला. मावशीकडे गेले असता रेसिडेन्सी रोडवर मी हे चेंबर पाहिले. काम करणारा झाकण उचलून खाली उतरतो, वर माणसे चालत राहतात. फावड्याला तेथे काम नाही.

दुसरा धडा : पाण्याचा हिशेब

समजा गल्ली ३०० मीटर लांब व ७ मीटर रुंद आहे. म्हणजे रस्त्याचे क्षेत्रफळ २१०० चौरस मीटर झाले. दोन्ही बाजूंच्या छपरांची पुढे उतरणारी बाजू प्रत्येकी ५ मीटर धरली, तर आणखी ३००० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर असा जोराचा पाऊस झाला, तर या ५१०० चौरस मीटरवर २,५५,००० लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर एका तासात गल्लीत ओतल्यासारखे होते. सेकंदाला सुमारे सत्तर लिटर पाणी वाहून नेईल एवढे गटार हवे. त्यात पुन्हा केळीच्या साली आणि प्लास्टिकच्या पिशव्या!

गटाराला उतारही हवा. २०० मीटरला १ मीटर उतार धरला तर ३०० मीटरच्या गल्लीत दोन टोकांमध्ये दीड मीटरचा फरक येतो. म्हणून गटाराचे काम नेहमी सर्वांत खालच्या टोकाकडून, जेथे पाणी बाहेर पडते तेथून सुरू करतात. वरून सुरुवात केली आणि खाली पोचल्यावर नाला उंच निघाला, तर सारे बांधकाम म्हणजे लांबट हौद होतो. रस्त्यालाही मध्यापासून कडेकडे थोडा उतार देतात. डांबरी रस्त्याला मीटरमागे साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर. डांबराचा खरा शत्रू गाडी नसून त्यावर साचणारे पाणी आहे, हे आमच्या चराने आम्हाला शिकवले होतेच.

तिसरा धडा : सात मीटरांत कोणाकोणाला जागा?

येथे खरी कसोटी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, आणि पदपथाची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावी. दोन्ही बाजूंना असा पदपथ केला तर ३.६ मीटर गेले, उरले ३.४. अग्निशामक बंबाला तेवढ्यातून जाणे अवघड. म्हणजे सात मीटरांत सर्वांना सर्व काही देता येत नाही. योजना करणे म्हणजे कोणाला किती द्यायचे ते आधीच, उघडपणे ठरवणे.

मी कागदावर अशी वाटणी केली : एका बाजूला १.८ मीटरचा पदपथ व त्याखाली झाकलेले गटार, मध्ये ४ मीटरचा एकेरी वाहतुकीचा रस्ता, आणि दुसऱ्या बाजूला १.२ मीटरचा पट्टा. त्या पट्ट्यात विजेचे खांब, दुकानांच्या पायऱ्या आणि भाजी विकणाऱ्या बायकांच्या बुट्ट्या. दुचाक्या गल्लीच्या तोंडाशी, मोकळ्या जागेत.

हा कागद पाहून बाबाच प्रथम रागावले. "गाडी दारात लावता आली नाही तर गिऱ्हाईक येईल कशाला?" प्रश्न रास्त होता, आणि त्याला वादाने उत्तर देण्यापेक्षा मोजून द्यावे असे मला वाटले. एका शनिवारी, बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी मी गल्ल्यापाशी वही घेऊन बसले. पायी येणाऱ्यासाठी एका रकान्यात रेघ, गाडीवरून येणाऱ्यासाठी दुसऱ्या. पायी येणाऱ्यांचा रकाना कितीतरी आधी भरला. आणखी एक गोष्ट दिसली. दारात लावलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच आमच्या गिऱ्हाइकांच्या नव्हत्याच. काही तर शेजारच्या दुकानदारांच्या होत्या, आणि एक आमची स्वतःची! बाबांनी वही दोनदा चाळली आणि काही न बोलता मला परत दिली.

दिल्लीच्या चांदणी चौकात याहून मोठा निर्णय झाला. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून २०२१ च्या सप्टेंबरात खुला झाला, आणि सकाळी नऊ ते रात्री नऊपर्यंत तेथे मोटारवाहनांना बंदी ठरली. अशा रस्त्याची खरी परीक्षा उद्घाटनानंतर लागते. नियम रोज पाळून घेणारा माणूस उभा नसेल, तर दगडी फरशी एकटी काय करणार?

चौथा धडा : बुट्टीवालीचा हक्क

देवळातल्या बैठकीत काहींनी सूचना केली, की रस्ता होतोच आहे तर भाजीवाल्या बायकांना कायमचे उठवावे. त्या वेळी मी २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचून दाखवला. या कायद्याप्रमाणे आधी विक्रेत्यांची पाहणी करावी लागते आणि ती पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत त्यांना हटवता येत नाही. शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांचे असावे लागतात, व त्यांतील एक-तृतीयांश स्त्रिया. बैठकीत थोडी कुजबुज झाली. तेव्हा शेजारचे बुकबाइंडर अज्जा कन्नडमध्ये म्हणाले, की सकाळी सहाला ती अक्का येते म्हणून गल्ली जागी होते, आपण तर दहाला शटर उघडतो. त्यावर बाबा मराठीत म्हणाले, "तिची बुट्टी आमच्या पायरीपाशी असते म्हणून माणूस थांबतंय, आणि थांबलं की पेन्सिल तरी घेतंय." विषय तेथेच संपला.

पाचवा धडा : खर्च आणि वेळ

आता आमच्या शाखेचा भाग. समजा रस्त्याला ४० लाख रुपये लागले व तो दहा वर्षे टिकला, तर वर्षाचा घसारा ४ लाख. तोच रस्ता वारंवार उकरल्यामुळे चार वर्षांत बाद झाला तर वर्षाला १० लाख. स्वस्त कंत्राट महाग पडते ते असे. म्हणून करारात कंत्राटदाराची दोषदुरुस्तीची मुदत किती व अनामत रकमेतून काय राखून ठेवले आहे, हे नागरिकांनी विचारले पाहिजे.

पण या हिशेबात एक रकाना कोणीच भरत नाही : काम चालू असतानाचे दुकानदाराचे नुकसान. बेंगळुरूच्या चर्च स्ट्रीटचे काम २०१७ च्या आरंभी सुरू झाले आणि रस्ता २०१८ च्या मार्चमध्ये खुला झाला. आज तेथे चालताना आनंद होतो, पण वर्षभर धुळीत बसलेल्या छोट्या दुकानाचा विचार मनातून जात नाही. रस्त्याच्या कामाला कोरडे दिवस हवेत आणि आमच्या धंद्याचा हंगामही मे-जूनमध्येच सुरू होतो. मग मार्ग काय? संपूर्ण गल्ली एकदम न उकरता ५० मीटरचे तुकडे करावेत, खालच्या टोकाकडून वर यावे, एक तुकडा चालता झाल्यावरच पुढचा उघडावा, आणि प्रत्येक दारापुढे फळ्यांची वाट ठेवावी. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात; त्या काळात त्यावर पाणी मारायचे असते, गाड्या घालायच्या नसतात. दिवाळी आटोपल्यावर काम सुरू झाले, तर मार्चअखेर ते आटोपू शकते. गणपतीची मिरवणूकही सुटते आणि शाळेचा हंगामही.

हे सर्व मुद्दे घालून आम्ही एक अर्ज केला. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड. कन्नड मजकूर अज्जांनी तपासला व माझ्या दोन चुका काढल्या. सह्या दोन्ही लिप्यांत झाल्या. भाजीवाल्या मावशींनी अंगठा उमटवला. पाणी उताराकडे धावते, ते कोणाची भाषा विचारत नाही, हे तीन वर्षांपूर्वी सर्वांच्याच घरांत शिरून त्याने दाखवले होते. अर्जाची पोच मिळाली आहे. काम अजून सुरू झालेले नाही.

अर्जातले एक कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : जुना थर खरवडून काढावा, आणि तयार रस्त्याची पातळी गल्लीतील सर्वांत खालच्या उंबऱ्यापेक्षा १५ सेंटीमीटर खाली ठेवावी. ती पातळी कोणाला विसरता येऊ नये म्हणून आमच्या दुकानाच्या चौकटीवर मी ऑइलपेंटने तांबडी रेघ मारली आहे. आपल्याही गल्लीत रस्ता व्हायचा असेल, तर वाचकहो, मोजपट्टी घेऊन आधी आपला उंबरा मोजा. काम सुरू झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा आधी मारलेली एक रेघ अधिक उपयोगी पडते.

बाबा रोज दुकान उघडताना त्या रेघेकडे पाहतात. परवा म्हणाले, "एक तरी पायरी परत येऊ दे."