आधी दिवा, मग तक्तपोशी

(शिडाच्या लाकडी जहाजाची प्रतिकृती संचातून कशी तयार करतात आणि तिच्यात दिवे कसे लावतात, याची माहिती या पाठात दिली आहे. हाताने काम करताना कोणते काम आधी व कोणते नंतर करावे, हेही या पाठातून समजते.)

मुलांनो, वाफेचे इंजिन येण्यापूर्वी मोठी जहाजे वाऱ्याच्या बळावर चालत. उंच डोलकाठ्यांना शिडे बांधलेली असत. शिडांत वारा भरला, की जहाज पुढे जाई. अशी मोठी जहाजे आता फार थोडी उरली आहेत. पण त्यांच्या लहान प्रतिकृती बनवण्याचा छंद जगात अनेकांना आहे. त्यासाठी तयार संच मिळतात.

संचाची पेटी उघडली, की आत जहाज दिसत नाही. आत असतात लाकडाच्या पातळ पट्ट्या, कापलेल्या फळ्या, गोल काठ्या, दोऱ्याची रिळे, कापड आणि एक मोठा नकाशा. या साऱ्यांतून जहाज उभे करायचे असते. या कामाला काही महिने लागतात. म्हणून घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे.

आपण एका खऱ्या जहाजाचे उदाहरण घेऊ. ‘ट्रिंकोमाली’ ही तीन डोलकाठ्यांची युद्धनौका मुंबईच्या गोदीत बांधली गेली. जमशेटजी बमनजी वाडिया हे तिचे बांधणारे. मलबारच्या सागवानातून घडवलेली ही नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल या बंदरात आहे. अजूनही पाण्यावर तरंगणारी ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका मानली जाते.

तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे ४६ मीटर आहे. १ : १०० हे प्रमाण घेतले, तर प्रतिकृतीत ती ४६ सेंटिमीटर होईल. १७० सेंटिमीटर उंचीचा खलाशी केवळ १७ मिलिमीटरचा होईल! प्रमाण एकदा ठरले, की प्रत्येक वस्तू त्याच मापाने करावी लागते. तोफ लहान आणि दोर जाड, असे चालत नाही.

कामाची सुरुवात कण्यापासून होते. जहाजाचा कणा म्हणजे तळाचे लांब लाकूड. त्याला काटकोनात फासळ्या बसवतात. माशाचा काटा पाहिला असेल, तर ही रचना चटकन लक्षात येईल. फासळ्यांवरून लाकडाच्या पट्ट्या चिकटवतात. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ, पट्टीला बाक द्यावा लागतो. त्यासाठी पट्टी पाण्यात भिजवतात आणि हळूहळू वाकवतात. कोरडी पट्टी जोराने वाकवली, तर ती मोडते. एक पट्टी डाव्या बाजूला लावली, की दुसरी उजव्या बाजूला लावावी. सगळ्या पट्ट्या एकाच बाजूला लावत गेल्यास कणा पिळला जातो आणि जहाज वाकडे होते. शेवटी पॉलिशपेपरने घासून अंग गुळगुळीत करतात.

आता दिव्यांचा विचार करू. खरे तर तो आधीच करायला हवा होता! तक्तपोशी बसवून जहाज वरून बंद झाले, की आत बोटही जात नाही. मग तार कोठून नेणार? डोलकाठ्या उभ्या करून दोर बांधल्यावर दिवे लावायचे ठरवले, तर सारे काम तोडावे लागेल. म्हणून फासळ्या बसवतानाच त्यांना लहान भोके पाडावीत आणि तारा त्यांतून तळापर्यंत न्याव्यात. तळाच्या एका भोकातून तारा खालच्या बैठकीत उतरवाव्यात. सेल आणि बटण बैठकीतच ठेवावे. मग सेल संपले, तरी जहाजाला हात लावावा लागत नाही.

दिव्यासाठी एल.ई.डी. वापरावा. तो फारसा तापत नाही आणि पुष्कळ दिवस टिकतो. जुन्या पद्धतीचा बारीक बल्ब बंद जहाजात जळाला, तर तो बदलणे फार कठीण जाते. पिवळा एल.ई.डी. घेतला, तर उजेड तेलाच्या दिव्यासारखा दिसतो. ३ मिलिमीटरचा एल.ई.डी. आपल्या प्रमाणात ३० सेंटिमीटरच्या कंदिलाएवढा होतो, म्हणजे मापही जुळते.

एल.ई.डी.तून वीज एकाच दिशेने वाहते. त्याचा लांब पाय धन टोकाला जोडावा. त्याला थेट सेल जोडू नये. मध्ये रोधक हवा. हे गणित सोपे आहे. दीड व्होल्टचे तीन सेल मिळून ४.५ व्होल्ट होतात. पिवळ्या एल.ई.डी.ला सुमारे २ व्होल्ट लागतात. उरले २.५ व्होल्ट. प्रवाह १० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१ अँपिअर, ठेवायचा असेल, तर २.५ ला ०.०१ ने भागावे. उत्तर २५० ओहम येते. बाजारात २७० ओहमचा रोधक मिळतो, तो चालतो. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रोधक लावावा. मात्र घरातील विजेच्या जोडणीला हे दिवे कधीही जोडू नयेत.

आतल्या बाजूला काळा रंग द्यावा, नाहीतर पट्ट्यांच्या फटींतून उजेड झिरपतो. मागच्या खिडक्यांना आतून पातळ पारदर्शक कागद लावावा. तारांचे सांधे टेपने झाकावेत. त्यानंतर एक रात्रभर दिवे चालू ठेवावेत आणि जहाज हळूच हलवून पाहावे. एकही दिवा मिणमिणला, तर सांधा पुन्हा तपासावा. सर्व ठीक असेल, तरच तक्तपोशी बसवावी.

दिवे कोठे लावावेत? जहाजाच्या मागच्या टोकावर कंदील असे, तेथे लावावा. कप्तानाच्या खोलीत लावावा. आजच्या जहाजांना डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा असतो. पण तो नियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आला. १८१७ च्या जहाजाला ते दिवे लावले, तर प्रतिकृती सुंदर दिसेल, पण खरी ठरणार नाही.

त्या काळच्या खलाशांना दिव्याची गरज होती आणि भीतीही होती. लाकूड, डांबर लावलेले दोर आणि तोफांची दारू, यांच्यामध्ये उघडी ज्योत म्हणजे मोठाच धोका. म्हणून दारूच्या कोठाराशेजारी वेगळी लहान खोली करत. दिवा त्या खोलीत असे आणि उजेड काचेतून कोठारात येई. हीसुद्धा जहाज बांधतानाच आखलेली गोष्ट होती. जहाज पूर्ण झाल्यावर तिची आठवण होऊन चालले नसते.

यानंतर डोलकाठ्या, दोर आणि शिडे यांचे काम येते. डोलकाठ्यांना आधार देणारे दोर काळे असतात आणि शिडे ओढण्याचे दोर फिकट रंगाचे असतात. शेवटी सुकाणू आणि नांगर नीट दिसतात ना, ते पाहावे. तुम्हांला यांतले काही शब्द ओळखीचे वाटले असतील. जहाज आणि बंदर हे शब्द उर्दूत व मराठीत सारखेच आहेत. उर्दूतला ‘खलासी’ मराठीत ‘खलाशी’ होतो. फारसी ‘नाखुदा’ कोकणात ‘नाखवा’ झाला, आणि अरबी ‘सुक्कान’पासून ‘सुकाणू’ आले. जहाजांबरोबर शब्दही प्रवास करतात.

‘ट्रिंकोमाली’ पाहायला जाणाऱ्यांना डोलकाठ्या दिसतात, तोफा दिसतात. मुंबईच्या कारागिरांनी बसवलेल्या आतल्या सागवानाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते; पण त्यातला बराच भाग आजही टिकून आहे. आपल्या लहान जहाजातील तारही तशीच. तक्तपोशी बसल्यावर ती कोणालाही दिसत नाही. दिवा मात्र तिच्यामुळेच लागतो.

शब्दार्थ

प्रतिकृती – हुबेहूब नमुना
तक्तपोशी – जहाजाचा फळ्यांचा वरचा मजला
डोलकाठी – मस्तूल
शीड – बादबान
नांगर – लंगर
रोधक – विजेचा प्रवाह कमी करणारा भाग

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘ट्रिंकोमाली’ कोठे बांधली गेली?
(आ) पट्टी वाकवण्यापूर्वी काय करतात?
(इ) सेल बैठकीत का ठेवावेत?

२. कारणे लिहा.
(अ) पट्ट्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने लावतात.
(आ) १८१७ च्या जहाजाच्या प्रतिकृतीला लाल-हिरवे दिवे लावू नयेत.

३. सेल दोनच घेतले, तर पिवळ्या एल.ई.डी.साठी किती ओहमचा रोधक लागेल? गणित करून पाहा.

४. उर्दूत व मराठीत सारखे असलेले पाच शब्द लिहा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.