यात्रेकरूचे पैसे

धुळे

चि. भाचीबाईस मामाचे अनेक आशीर्वाद.

चाळीसगावात स्टेशनजवळच्या एका टूर्सवाल्याकडे तू अकाउंट्स असिस्टंट म्हणून लागलीस, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. पण ‘नुसत्या टॅलीत एन्ट्र्याच तर मारायच्या आहेत’ असं तू म्हणालीस, तेही तिनं सांगितलं. ते काही माझ्या गळी उतरलं नाही. यात्रा कंपनीच्या वह्या सांभाळण्यात माझी सगळी हयात गेली, म्हणून हे पत्र. लांबेल, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ करून मोकळी होशील.

किराणा दुकानात माल आधी जातो आणि पैसे मागाहून येतात, कधी येतही नाहीत. तिथल्या दिवाणजीचा सगळा जीव उधारीत अडकलेला असतो. आपल्या धंद्यात गाडं उलटं आहे. इथे पैसे आधी येतात, काम मागाहून होतं. त्यामुळे बँकेच्या पासबुकात जो आकडा दिसतो तो मालकाचा आहे असं मालकालाही वाटतं आणि हिशेबनिसालाही. तो त्याचा नसतो. गाडी परत येऊन शेवटचा प्रवासी आपल्या दारात उतरेपर्यंत ते पैसे यात्रेकरूचे. तुझ्या नोकरीचं सगळं सार माझ्या मते एवढंच आहे. बाकीचं तुझे सीए शिकवतील.

आपल्याकडची चारधाम घे. गंगोत्री-यमुनोत्रीचे दरवाजे उघडतात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला. पण आपल्या माणसाच्या हातात पैसा येतो कापूस विकल्यावर, दिवाळीनंतर. मग पौष-माघात घरची म्हातारी हट्ट धरते आणि मुलगा सीट बुक करायला येतो. थोडे आज देतो, थोडे होळीला, राहिलेले ‘आखाजीले देसू’. खानदेशात सालदाराचं सालही आखाजीपासून धरतात, त्यामुळे हा वायदा त्याच्या दृष्टीनं अगदी पक्का असतो. तुझ्या दृष्टीनं मात्र मध्ये एक दिवस आडवा येतो, ३१ मार्च.

समज, ४० सीटांची बस आहे आणि मार्चअखेरपर्यंत प्रत्येकाचे १० हजार जमा झाले. चार लाख झाले. यात्रा मे महिन्यात. हे चार लाख ‘टूर उत्पन्न’ म्हणून टाकलेस, तर त्या वर्षाचा नफा फुगेल. मालक खूश होऊन त्यावर आयकर भरेल आणि पुढच्या वर्षी त्याच यात्रेचा खर्च तेवढा राहील, उत्पन्न गायब. ही रक्कम ताळेबंदात देण्याच्या बाजूला जायला हवी, ‘प्रवाशांकडून आलेली आगाऊ रक्कम’ म्हणून. पण जीएसटीचा न्याय वेगळा आहे. सेवेसाठी आगाऊ पैसे हातात पडले की कर तिथेच लागू होतो, यात्रा कधीही निघो. टूर ऑपरेटरचा दर ५ टक्के. चार लाखांत कर धरलेला असेल तर १९ हजारांच्या वर रक्कम सरकारची निघते आणि ती पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायची. तिमाही विवरणपत्रवाल्यांचं वेळापत्रक जरा निराळं, ते तुझ्या सीएंना विचार. एकाच रकमेकडे एक कायदा ‘अजून कमाई नाही’ म्हणून बघतो आणि दुसरा ‘कर टाक’ म्हणतो. पहिल्या वर्षी डोकं गरगरेल. गरगरू दे.

या ५ टक्क्यांना एक शेपूट आहे. हा दर घेतला की हॉटेलवाल्यानं किंवा इतर कुणी बिलात लावलेला जीएसटी आपल्याला वजा मिळत नाही. दुसऱ्या टूर ऑपरेटरकडून घेतलेल्या सेवेचा काय तो अपवाद. म्हणजे हॉटेलचा कर हा आपला खर्च. सीटचा भाव काढताना छोटे मालक हे हमखास विसरतात.

आता खरी अडचण. फेब्रुवारीत खात्यात तीन-चार लाख दिसतात आणि दिवाळीतल्या दक्षिण भारत सहलीच्या बसमालकाचं बिल थकलेलं असतं. मालक म्हणतो, ‘ताई, आहेत ना पैसे? देऊन टाका त्याचे.’ मालक वाईट नसतो, दारात उभ्या माणसाला तो टाळू शकत नाही, इतकंच. पण नव्या यात्रेच्या पैशातून जुन्या यात्रेचं देणं फेडायची सवय लागली, की पुढची यात्रा तिच्या पुढच्या यात्रेच्या पैशावर निघते. एखादा हंगाम बुकिंग कमी झालं की साखळी तुटते, आणि ती तुटते तेव्हा कुणीतरी हरिद्वारला धर्मशाळेत अडकलेलं असतं.

हे फक्त छोट्यांचं दुखणं नाही. इंग्लंडची थॉमस कुक कंपनी, जिच्या संस्थापकानं १८४१ साली लोकांना आगगाडीनं लेस्टरहून लफबरोला नेऊन या धंद्याचा पाया घातला, ती २३ सप्टेंबर २०१९ ला बसली. कर्ज डोंगराएवढं होतं हे खरंच, पण वेळही बघ. उन्हाळ्यात पर्यटकांचे पैसे येत राहतात आणि थंडीच्या तोंडावर हॉटेलांची बिलं फेडायची असतात. परदेशात असलेल्या दीड लाख ब्रिटिश लोकांना सरकारनं विमानं पाठवून घरी आणलं. (आपल्याकडची थॉमस कुक तोवर वेगळ्या मालकीची झाली होती, तिला झळ लागली नाही.) इंग्लंडात अशा वेळेसाठी पर्यटकांच्या पैशातूनच जमवलेला संरक्षण निधी होता. आपल्या आजीबाईकडे काय असतं? तुझ्या हातची पावती. तीच घेऊन उद्या तिला ग्राहक आयोगात जावं लागलं, तर पावतीवरचा शब्द न् शब्द वाचला जाईल.

तेव्हा पावती नीट कर. पावतीवर यात्रेचं नाव, निघण्याची तारीख, एकूण ठरलेली रक्कम, आज मिळालेली, बाकी, आणि रद्द केल्यास किती कापणार ते. नाव आधार कार्डावर आहे तसंच, कारण चारधामच्या नोंदणीला तेच लागतं. म्हातारी माणसं बटव्यातून नोटा काढून पुढ्यात ठेवतात आणि कागद न बघता घडी घालतात. त्यांना पावती वाचून दाखव, अहिराणीत सांग. दोन मिनिटं जातात.

प्रत्येक यात्रेचं खातं वेगळं ठेव. टॅलीत कॉस्ट सेंटर म्हणून सोय आहे, यात्रेमागे एक उघड. बँकेत वेगळं खातं उघडायला मालक तयार झाला तर सोन्याहून पिवळं, पण ते लगेच होणार नाही. तोवर दर शनिवारी एका कागदावर एवढंच लिहून त्यांच्या टेबलावर ठेव: कुठल्या यात्रेचे किती पैसे आपल्याकडे जमा आहेत, त्यातून त्याच यात्रेसाठी किती गेले, आणि बँकेत प्रत्यक्ष किती आहेत. भांडू नकोस, उपदेश करू नकोस. मालकाला नोकराचं बोलणं लागतं, आकडा लागत नाही. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आल्यापासून तर हा कागद जास्तच गरजेचा झाला. पूर्वी तिकिटांपायी पैसे लवकर बाहेर पडायचे, आता ते खात्यात दोन महिने जास्त पडून राहतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर येतात.

यात्रा निघताना टूर मॅनेजर रोख उचल घेऊन जाईल. परत आला की एक प्लॅस्टिकची पिशवी तुझ्यासमोर ओतेल. त्यात हळदीचे डाग पडलेली भाजीवाल्याची चिठ्ठी असेल, पार्किंगचे चिटोरे, गॅस सिलिंडरची पावती, आचाऱ्याची मजुरी, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता, परराज्याच्या टॅक्सची पावती, आणि ज्यावर अक्षरच उरलेलं नाही असे चार-दोन गुळगुळीत कागद. मशीनवरच्या पावत्यांची शाई उडते, म्हणून त्यांचे फोटो मॅनेजरनं त्याच दिवशी रात्री पाठवायचे, हा नियम निघण्याआधी कर. घोडेवाला, डोलीवाला बिल देत नाही, ते मान्य. अशा खर्चाचं व्हाउचर आपणच करायचं: तारीख, ठिकाण, कुणाला, कशासाठी, खाली मॅनेजरची सही. टोल फास्टॅगमधून जातो, त्याचं स्टेटमेंट काढून गाडी कुठे कधी होती ते जुळव. किलोमीटरच्या बिलावरून बसमालकाशी वाद झाला तर तेच कामाला येतं. पिशवी रिकामी होऊन उचलीचा हिशेब मिटल्याशिवाय त्या मॅनेजरला पुढची उचल द्यायची नाही. हे मालकाकडून लिहून घे, नाहीतर वाईटपणा तुझ्या वाट्याला येईल.

रोखीचे दोन आकडे पाठ असू देत. एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिले, तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायचीच नाही, दंड तेवढाच बसतो. एखादं भावकीतलं मंडळ ३० सीटांचे पैसे एकदम पिशवीतून आणेल, तेव्हा गोड बोलून बँकेत भरायला लाव.

आणि तुझ्या स्वतःसाठी. तूच पावती फाडतेस, तूच पैसे मोजतेस आणि तूच वही लिहितेस. छोट्या ऑफिसात दुसरा माणूसच नसतो, पण हे धोक्याचं आहे, चोरी करणाऱ्यापेक्षा न करणाऱ्याला जास्त. संध्याकाळी गल्ला मालकासमोर मोजून रोजकीर्दीत त्यांची सही घे. कार्यालयाचं यूपीआय बंद पडलं म्हणून प्रवाशाचे पैसे स्वतःच्या मोबाईलवर कधीच घेऊ नकोस, पाच मिनिटांसाठीही नाही. परतावा देताना ज्यानं पैसे भरले त्यालाच आणि ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं. मार्च २०२० मध्ये करोनामुळे यात्रा रद्द झाल्या तेव्हा एकाच घरातले बाप आणि मुलगा वेगवेगळे परतावा मागायला येत. पावती कुणाच्या नावावर आहे, एवढंच तेव्हा कामी आलं.

एखाद्या रविवारी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याचा शिलालेख आहे, इ. स. १२०७ च्या सुमाराचा. लोक ‘लीलावती’ची गोष्ट सांगून परततात. मला मात्र शिलालेखातला मराठी भाग फार आवडतो, कारण तो शुद्ध हिशेब आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिलं, चालत्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला दिलं, असं चोख कोरलंय. कुणाचं, कशापायी, कुणाला. व्हाउचरवर आणखी काय असतं?

आता एक काम सांगतो. गेल्या वर्षीच्या चारधामचा खर्चाचा कागद मालकांना विचारून मला पाठव, प्रवाशांची नावं झाकून. सीटचा भाव ४० माणसं धरून काढलाय की ३४, ते मला बघायचंय. बस कधी पूर्ण भरत नाही, आचाऱ्याची आणि मॅनेजरची सीटही त्यातच जाते, आणि बसमालक भाडं पूर्ण बसचं घेतो. त्या सहा सीटांत बहुतेक कंपन्यांचा नफा जातो आणि मग फेब्रुवारीतल्या ॲडव्हान्सवर डोळा जातो. कागद आला की आपण बसून भाव पुन्हा काढू. चाळीसगाव-धुळे गाडीनं येणार असशील तर आदल्या दिवशी कळव, मामी मांडे करायचे म्हणते.

तुझा,
मामा