एका महिन्यात दोन फुल्या

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी पाळी आली की बारीक फुली मारते. फेब्रुवारीत 3 तारखेला आली, मार्चमध्येही 3 लाच. मग 31 मार्चला पुन्हा! सासूबाई म्हणाल्या, ‘महिन्यात दोनदा म्हणजे बरं लक्षण नाही, दाखवून ये.’ एप्रिलमध्ये 28 ला आली. काही बिघडलंय का? आणि तारीख दर वेळी अशी मागे का सरकते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी चारही फुल्यांवर बोट ठेवून मोजा. 3 फेब्रुवारी ते 3 मार्च 28 दिवस, तिथून 31 मार्च 28 दिवस, तिथून 28 एप्रिल पुन्हा 28. वारही पाहा, चारही वेळा एकच निघेल, कारण 28 म्हणजे बरोबर चार आठवडे. इतकी वक्तशीर पाळी मी क्वचित पाहते. घोळ घातला तो महिन्यांनी. फेब्रुवारी 28 दिवसांचा, म्हणून तारीख जागची हलली नाही. मार्च 31 चा, म्हणून ती तीन दिवस मागे आली आणि त्याच पानावर बसली. पान उलटायचं राहिलंय हे शरीराला कुठून कळणार?

सासूबाईंचंही अगदीच चूक नाही. दोन पाळ्यांच्या पहिल्या दिवसांमध्ये वारंवार 21 पेक्षा कमी किंवा 35 पेक्षा जास्त दिवस जात असतील, रक्तस्राव आठवडाभरानंतरही थांबत नसेल किंवा अधेमधे डाग पडत असतील, तर दाखवायलाच हवं. तुमचं तसं काही दिसत नाही.

दवाखान्यात ‘शेवटची पाळी कधी आली?’ असं विचारलं की तरुण मुली मोबाइल काढतात. साठीच्या आसपासच्या बायका मात्र आपल्या वेळचं सांगताना अजूनही म्हणतात, ‘संकष्टी झाली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी.’ मला ही पद्धत आवडते. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे पाळी 29-30 दिवसांची असेल तर तिथी फारशी सरकत नाही, तारीख सरकते. म्हणून चंद्र पाळी आणतो असं समजू नका. दोन आकडे शेजारी राहतात, एवढंच. एका अ‍ॅपवरच्या 6 लाखांहून जास्त पाळीचक्रांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी 29.3 दिवस निघाली. शाळेच्या पुस्तकातल्या 28 ला लोकांनी उगाच देव्हाऱ्यात बसवलंय. एखादीची पाळी एका महिन्यात 27, पुढच्यात 31 दिवसांनी आली तरी बिघाड म्हणत नाहीत.

मोजताना हमखास होणारी चूक सांगते. पाळी संपल्यापासून मोजायचं नाही. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, फुली त्याच दिवसावर. आदल्या संध्याकाळी नुसता डाग दिसला असेल तर तो धरायचा नाही. दिवस गेले की प्रसूतीची तारीखही याच फुलीपासून 280 दिवस मोजून काढतात. फुली नसली की मग नवराबायको ‘तुझ्या मावसबहिणीचं लग्न होतं ना तेव्हा?’ अशी उजळणी करत बसतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण फुल्या मारणाऱ्या बहुतेकींच्या मनात असतं, म्हणून लिहिते : यावरून ‘सुरक्षित दिवस’ काढता येतात का? बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. जपानात ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी 1920 च्या दशकात हे मांडलं. गोम ‘पुढच्या’ या शब्दात आहे. पुढची पाळी आल्यावरच मागचं गणित सुटतं. जागरण, आजारपण, परीक्षा यांनी बीज आठवडाभर उशिरा आलं तर कॅलेंडरला पत्ता नसतो. शिवाय शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. स्वतंत्र भारताच्या सरकारने हा मार्ग करून पाहिला आहे. 1951 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेमार्फत अमेरिकेहून डॉ. अब्राहम स्टोन आले. दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथे बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. रोज एक मणी सरकवायचा, हिरवा सुरक्षित, लाल धोक्याचा. पुढे तो प्रयोग मागे पडला. मूल नकोच असेल तर निव्वळ फुल्यांवर विसंबू नका, डॉक्टरांकडून दुसरं साधन घ्या. अ‍ॅपही मागच्या तारखांवरूनच अंदाज बांधतं, फक्त गुलाबी रंगात.

तुमचा शिरस्ता असाच राहिला तर पुढची फुली 26 मेच्या आसपास पडेल, मागेपुढे दोन-तीन दिवस. मात्र फुली जरा ठळक मारा. दूधवाल्याच्या खाड्यांनाही बहुतेक घरांत फुल्याच असतात, आणि महिनाअखेरीला हिशोब तुम्हीच कराल असं नाही.