जनरेट करावं की हाताने लिहावं?

अगं, नव्या टीममध्ये गेलीस की एकजण म्हणेल, ‘हाताने काय लिहितेस, जनरेट कर.’ दुसरा म्हणेल, ‘जनरेट केलेला कोड म्हणजे डोकेदुखी.’ दोघांना बोलू दे. तू आधी एवढंच शोध, की या कोडमधली माहिती मुळात कुठे लिहिलेली आहे. डेटाबेसचा स्कीमा, प्रोटोकॉल बफर्सची डॉट-प्रोटो फाइल अशी एक पक्की जागा असेल आणि बाकीचा कोड तिच्यातूनच ठरत असेल, तर बेलाशक जनरेट कर. नाहीतर कॉलम इकडे वाढतो आणि तिकडे वाढवायचा राहतो.

अशी जागाच नसेल तर थांब. दोन-तीन फाइली आधी हाताने लिही. त्यांत खरंच सारखं काय आणि नुसतं सारखं दिसणारं काय, हे लिहितानाच कळतं. साचा त्यानंतर. आणि जनरेटरला समजावणारी कॉन्फिग फाइल मूळ कोडपेक्षा लांब व्हायला लागली, की नाद सोड.

हाच वाद पार्सरमध्ये कसा रंगला, तो इतिहास एकदा बघून ठेव. सत्तरच्या दशकात बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सनने ‘याक’ लिहिलं: व्याकरण द्या, पार्सर घ्या. पुढे बरेच जण त्याच वाटेने गेले. पण जीसीसी या कंपायलरने 2004 मध्ये सी प्लस प्लससाठी आणि 2006 मध्ये सीसाठी बायसन या याकसारख्याच जनरेटरचा पार्सर काढून हाताने लिहिलेला बसवला. गो भाषेच्या कंपायलरनेही 2016 मध्ये याकचा पार्सर काढून तेच केलं. सी प्लस प्लसमध्ये एखादं नाव टाइपचं आहे की व्हेरिएबलचं, यावर अख्ख्या ओळीचा अर्थ फिरतो. ते बायसनच्या गळी उतरवणं जिकिरीचं. शिवाय चूक नेमकी कुठे झाली हे वापरणाऱ्याला नीट सांगायचं, तर हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये ते सोपं जातं.

म्हणून लगेच हाताची बाजू घेऊ नकोस. पोस्टग्रेसक्यूएल अजूनही बायसनवरच आहे, आणि मला ते पटतं. एसक्यूएलचं व्याकरण अवाढव्य, आणि त्यात सतत भर पडते. नवा नियम जुन्याशी भिडला तर बायसन बिल्डच्या वेळीच ओरडतो. हाताने लिहिलेला पार्सर तिथे गुपचूप एक अर्थ धरून पुढे जातो.

जनरेट झालेल्या फाइलला मात्र हात लावायचा नाही. अगदी रात्री अकराला, एकाच ओळीसाठीसुद्धा नाही. पुढच्या वेळी जनरेटर चालला की तुझी दुरुस्ती गेली. भर घालायची तर शेजारच्या फाइलमध्ये घाल. जनरेटरची आवृत्ती पक्की बांधून ठेव, आणि सीआयमध्ये तो पुन्हा चालवून डिफ रिकामा येतो का ते बघ.

आता तुमचे एआय. त्यांना मी या अर्थाने जनरेटर म्हणत नाही. तेच मागणं दोनदा केलंस तर दोनदा वेगळा कोड येऊ शकतो. मग ‘मूळ बदला, पुन्हा काढा’ ही सोय उरतेच कुठे? तो कोड हाताने लिहिलेलाच समज: ओळ न् ओळ वाच, टेस्ट लिही, रिव्ह्यूत उत्तरं तू दे. आणि एकसारख्या शंभर फाइली हव्या असतील तर त्या एआयकडे मागू नकोस. त्या काढणारी छोटी स्क्रिप्ट माग. स्क्रिप्ट वाचून होते, शंभर फाइली कुणी वाचत नाही.