चहावर जगणारी माणसे



पहाटे आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशनवर उतरून एखादा प्रवासी शहागंजात आला, तर त्याला सगळी दुकाने बंद दिसतात. कापडाचे दुकान बंद, भांड्यांचे दुकान बंद. उघडे असते ते फक्त चहाचे हॉटेल. पातेल्यात दूध चढलेले असते. कोणीतरी आले ठेचत असते. कपबशा विसळल्याचा आवाज येत असतो. शहर जागे होण्याच्या आधी चहावाला जागा होतो आणि पुष्कळदा शहर झोपल्यानंतर झोपतो.

पुढे जाण्यापूर्वी भाषेची एक गंमत सांगून ठेवतो, कारण परीक्षेत तुमचे गुण येथेच जातात. उर्दूत आपण ‘चाय’ म्हणतो आणि ती स्त्रीलिंगी आहे. मराठीत ‘चहा’ पुल्लिंगी आहे. म्हणून ‘चाय ठंडी हो गई’ याचे मराठी ‘चहा थंड झाला’ असे होते. ‘चहा थंड झाली’ असे लिहू नका. दोन्ही शब्द मूळचे चीनच्या ‘छा’ या शब्दावरून आले. जेथे डच व्यापारी जहाजांनी चहा घेऊन गेले, तेथे चीनच्या किनाऱ्यावरचा ‘ते’ हा दुसरा उच्चार पोहोचला. इंग्रजीतील ‘टी’ त्यातूनच आला.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. तुमच्यापैकी काहींचे अब्बू, चाचा किंवा मोठे भाऊ चहाची गाडी चालवत असतील. वर्गात ‘वडील काय करतात?’ असे विचारले की अशी मुले हळू आवाजात उत्तर देतात. मला ते आवडत नाही. चहाच्या कामात लाजण्यासारखे काय आहे? पण दुसरी गोष्टही मला आवडत नाही. ‘चहाच विकायचा आहे, मग शाळा कशाला?’ असे म्हणून एखादा मुलगा सातवी-आठवीत शाळा सोडतो. या दोन्ही गोष्टींचा विचार करण्यासाठी एका माणसाची ओळख करून घेऊ.

अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर नावाचे गाव आहे. तेथील एका शेतकरी कुटुंबात लक्ष्मण राव यांचा जन्म झाला. घरची भाषा मराठी. तरुणपणी ते अमरावतीला सूतगिरणीत कामाला लागले. गिरणी बंद पडली. मग थोडे पैसे घेऊन ते घराबाहेर पडले. भोपाळला त्यांनी बांधकामावर मजुरी केली आणि १९७५ साली ते दिल्लीला पोहोचले. तेथे आधी मिळेल ते काम केले, नंतर फुटपाथवर पानाचे आणि पुढे चहाचे दुकान मांडले. ज्या रस्त्यावर ते बसत, त्याचे नाव विष्णू दिगंबर मार्ग. थोर गायक विष्णू दिगंबर पलुसकर यांच्या नावाचा तो रस्ता. म्हणजे दिल्लीतही एका महाराष्ट्रीय माणसाच्या नावाच्या सावलीत त्यांची शेगडी पेटत होती.

लक्ष्मण रावांना वाचनाचे वेड होते. दिल्लीत दर्यागंज भागात रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरत असे. तेथून ते पुस्तके विकत आणत आणि रात्री वाचत. वाचता वाचता ते लिहू लागले. त्यांनी लिहिले ते हिंदीत, म्हणजे आपल्या मातृभाषेत नव्हे, तर शिकून घेतलेल्या भाषेत. ही गोष्ट तुम्ही नीट लक्षात घ्या. तुमची मातृभाषा उर्दू आहे आणि तुम्ही मराठी शिकत आहात. दुसऱ्या भाषेत आपल्याला काही जमणार नाही, असे जेव्हा वाटेल तेव्हा या चहावाल्याला आठवा.

लिहिलेले छापणार कोण? चहावाला कादंबरी लिहितो, हे प्रकाशकांना खरे वाटेना. तेव्हा त्यांनी स्वतःच्या बचतीतून आपले पहिले पुस्तक १९७९ साली स्वतःच छापले. पुस्तके सायकलवर लादून ते शाळांमध्ये व वाचनालयांत नेऊन विकत. उरलेल्या वेळात चहा. दुकानात शेगडीच्या शेजारीच पुस्तके मांडलेली असत. चहा पिणाऱ्या माणसाला त्या पुस्तकांचा लेखक आपल्याला चहा देत आहे, हे कितीदा तरी कळतच नसे. त्यांची ‘रामदास’ ही कादंबरी विशेष गाजली. पुस्तकांची संख्या वाढत वाढत वीसच्या पुढे गेली. फुटपाथवरचे दुकान अनेकदा उठवले गेले, पुन्हा मांडले गेले. मोठ्या वयात त्यांनी पत्रद्वारा बी. ए. केले आणि त्यानंतर मुक्त विद्यापीठातून हिंदी विषय घेऊन एम. ए. केले. एवढे होऊनही त्यांनी चहा सोडला नाही. पुस्तकांवर घर चालत नाही, चहावर चालते, हा त्यांचा साधा हिशेब होता. पुढे दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलानेही त्यांना चहासाठी बोलावून घेतले.

लक्ष्मण रावांच्या पातेल्यातील पावडर कोठून येत असेल? महाराष्ट्रात चहाचे मोठे मळे नाहीत. आपला चहा आसाम, पश्चिम बंगाल आणि दक्षिणेतील निलगिरीच्या डोंगरांतून येतो. तेथे झुडपाच्या टोकाची दोन पाने आणि एक कळी हाताने खुडतात. चार ते पाच किलो ओला पाला वाळवावा, तेव्हा एक किलो चहा तयार होतो. खुडणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. पाठीवर टोपली, पायाखाली चिखल, कधी जळवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून आसामच्या ब्रह्मपुत्रा खोऱ्यात या मजुरांची रोजची मजुरी २५० रुपये ठरवण्यात आली. आपल्या गल्लीत एवढ्या पैशांत किती कप चहा येतो, ते तुम्ही मोजा. चहाच्या धंद्यात सगळ्यांत जास्त माणसे येथे काम करतात आणि सगळ्यांत कमी पैसे येथेच मिळतात. चहाने माणसे मोठी केली, हे खरे. पण ज्यांच्या हातांनी तो खुडला जातो, त्यांना अजून फारसे काही दिलेले नाही.

आसामातील चहाचा इतिहास सांगताना इंग्रजांची नावे पुढे येतात. पण व्यापारासाठी चहाचे मळे लावणारा पहिला भारतीय म्हणून मणिराम दिवाण यांचे नाव घेतले जाते. ते आधी इंग्रजांच्या आसाम कंपनीत दिवाण होते. तेथील काम शिकून घेऊन त्यांनी नोकरी सोडली आणि जोरहाटजवळ स्वतःचे मळे उभे केले. १८५७ च्या उठावात सामील झाल्याच्या आरोपावरून २६ फेब्रुवारी १८५८ रोजी इंग्रजांनी त्यांना जोरहाटला फाशी दिली.

मळ्यातून निघालेला पुष्कळसा चहा लिलावाला जातो. कलकत्त्याला चहाचा लिलाव १८६१ साली सुरू झाला, गुवाहाटीला १९७० साली. पूर्वी हातोडा आपटून लिलाव होत असे, आता तो संगणकावर होतो. परंतु लिलावाच्या आधी एका माणसाची जीभ कामाला लागते. त्याला टी-टेस्टर म्हणतात. आपण त्याला चहाचा पारखी म्हणू. लांब टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग असते. प्रत्येक वाटीसाठी चहा मोजून घेतात, वर उकळते पाणी घालतात आणि घड्याळ लावून ठरावीक मिनिटे थांबतात. मग पारखी चमचाभर चहा जोराने ‘सुर्र’ असा आवाज करीत ओढतो, तोंडात फिरवतो आणि थुंकून टाकतो. घरी असा आवाज केला तर अम्मी रागावतील! पण येथे तो आवाज करावाच लागतो, कारण हवेबरोबर चहाचा वास नाकापर्यंत पोहोचतो. एका दिवसात तो शेकडो वाट्या चाखतो. कोणता चहा रंगाला गडद, कोणता वासाला चांगला, कोणता करपलेला, हे तो सांगतो. त्यावर भाव ठरतो. वेगवेगळे चहा मिसळून पुडक्यातील चव वर्षभर एकसारखी ठेवणे, हेही त्याचेच काम. ही जीभ जन्मतः मिळत नाही. ती तयार करण्यात कित्येक वर्षे जातात.

आपल्याकडे ‘इराणी चहा’ हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. आपले शहर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि हैदराबादेत इराणहून आलेल्या लोकांनी चहाची हॉटेले थाटली होती. मुंबईतही इराणी हॉटेले निघाली. चहा वेगळा उकळायचा, दूध वेगळे आटवायचे आणि दोन्ही कपात एकत्र करायचे, ही त्यांची रीत. पण इराणात चहा पिकू लागला, तो आपल्या हिंदुस्थानामुळे, हे थोड्यांनाच माहीत असते. मोहम्मद मिर्झा काशिफ-उस-सल्तना हे इराणचे वकील म्हणून हिंदुस्थानात होते. इंग्रज आपली विद्या सहजासहजी दुसऱ्याला देत नसत. या गृहस्थांना फ्रेंच उत्तम येत असे. म्हणून आपण फ्रेंच असल्याचे भासवून त्यांनी चहाची लागवड शिकून घेतली, असे सांगतात. कांगडा भागातून त्यांनी चहाची रोपे नेली आणि १९०० च्या सुमारास ती इराणातील लाहिजान येथे लावली. त्यांची कबर लाहिजानलाच आहे आणि तेथे आता चहाचे संग्रहालय आहे. तुर्कस्तानातही असेच झाले. जिहनी देरिन नावाच्या शेतीतज्ज्ञाने बाटुमीहून बी आणून रिझे भागात चहा रुजवला. १९४७ साली तेथे पहिला कारखाना निघाला. आज दर माणशी चहा पिण्यात तुर्कस्तान जगात सर्वांत पुढे असलेल्या देशांत आहे.

आता तुमच्या उपयोगाचे सांगतो. जोरहाटच्या आसाम कृषी विद्यापीठात चहाचे शिक्षण देणारा स्वतंत्र विभाग आहे. बंगळुरूला मळ्यांचे व्यवस्थापन शिकवणारी सरकारी संस्था १९९३ सालापासून आहे. मळ्याचा व्यवस्थापक, कारखान्यातील रसायनतज्ज्ञ, पारखी, निर्यातदार ही सगळी चहाचीच कामे आहेत. ज्याला लहानसे हॉटेल काढायचे आहे, त्यालाही हिशेब लागतोच. समजा, एका लहान कपाला अडीच ग्रॅम पावडर लागते. मग एक किलोत किती कप होतील? दूध नासले, चार कप फुटले, उधारी बुडाली, तर नफा किती उरेल? हे ज्याला वहीत मांडता येते, त्याचे हॉटेल टिकते.

कायदाही माहीत असू द्या. चहाच्या टपरीवर किंवा हॉटेलात चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे २००६ पासून गुन्हा आहे. २०१६ साली कायदा आणखी कडक झाला. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आपल्या घरच्या धंद्यात हातभार लावायला मात्र हरकत नाही, अट एवढीच की अभ्यास बुडता कामा नये. तेव्हा संध्याकाळी अब्बूंच्या गाडीवर कपबशा विसळणाऱ्या मुलाला कोणी हसू नये. सकाळी तो वर्गात बाकावर बसलेला आहे की नाही, एवढेच मी पाहतो.

स्वाध्याय

१. दिल्लीला पोहोचण्यापूर्वी लक्ष्मण रावांनी कोणती कामे केली?

२. चहाचा पारखी चहा आवाज करून का ओढतो?

३. पाठातील उदाहरणावरून एक किलो पावडरीत किती कप होतील, ते काढा.

४. मराठीत लिहा : ‘चाय बन गई’, ‘मेरी चाय कहाँ है?’

५. तुमच्या मोहल्ल्यातील एका चहावाल्याला भेटा. तो किती वाजता उठतो, दूध व पावडर कोठून आणतो आणि हे काम कोणाकडून शिकला, ते विचारून मराठीत दहा ओळी लिहा.