इंग्रज लेखक कायदा सांगतो, फ्रेंच लेखक छळ, असं का?

प्रश्न : बंडखोरांशी कसं लढावं यावरची इंग्रज आणि फ्रेंच पुस्तकं एकाच काळातली. तरी एक कायद्याची भाषा बोलतं, दुसरं छळाचं समर्थन करतं. हा राष्ट्रस्वभाव म्हणायचा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : स्वभावाकडे नंतर येऊ. आधी लिहिणारा कुठे उभा आहे ते पाहू.

१९६६ साली पुस्तक लिहिणारे रॉबर्ट थॉम्पसन मलायातले मुलकी अधिकारी होते. तिथल्या कम्युनिस्ट बंडाकडे ते पोलीस, जमीन आणि कारभाराचा प्रश्न म्हणून पाहतात. सरकारने कायद्याच्या चौकटीतच वागावं, हे त्यांचं एक मुख्य तत्त्व. इंग्रजांना ते परवडलं, कारण मलाया सोडून जायचं ठरलेलं होतं. १९५७ मध्ये ते स्वतंत्रही झालं. लोकांना देण्यासारखं काहीतरी हाती होतं.

अल्जीरियातल्या बंडाशी लढलेले फ्रेंच लष्करी अधिकारी रॉजर त्रँकिए यांच्या हाती तसं काही नव्हतं. १८४८ पासून अल्जीरिया कागदोपत्री फ्रान्सचाच भाग, आणि तिथे सुमारे दहा लाख युरोपीय राहत होते. त्यात व्हिएतनाममधला १९५४ चा दिएन बिएन फूचा पराभव ताजा. व्हिएत मिन्हच्या छावण्यांतून सुटलेले फ्रेंच अधिकारी माओ वाचू लागले आणि शत्रूने आपल्याला विचारांच्या जोरावर हरवलं, अशी त्यांची खात्री झाली. मग प्रत्येक बंड त्यांना जागतिक क्रांतीचा तुकडा वाटू लागलं. पकडलेल्या दहशतवाद्याने चौकशीतल्या यातना, सैनिक जखमा गृहीत धरतो तशा गृहीत धराव्यात, हा त्रँकिए यांचा १९६१ मधला युक्तिवाद या घुसमटीतून आलेला आहे. समर्थनीय मात्र मुळीच नाही.

म्हणून इंग्रजांना सौम्य समजू नका. मलायात त्यांनी सुमारे पाच लाख लोकांना उठवून काटेरी कुंपणाच्या 'नव्या गावांत' नेलं. तेही कायद्यानेच, कारण आधी आणीबाणीचे नियम करून ठेवले होते. केनियातल्या माउ माउ बंडात तर कोठडीतल्या छळाबद्दल ब्रिटिश सरकारला २०१३ मध्ये पाच हजारांहून अधिक केनियन लोकांना भरपाई देणं भाग पडलं. फ्रेंचांनी पुस्तकात लिहिलं ते इंग्रजांनी फायलींत ठेवलं, एवढा फरक मला तरी खरा वाटतो. (मलायाचा हा नमुना १९६७ मध्ये आपल्या मिझो टेकड्यांतही आला. तिथेही गावं हलवून रस्त्याकडेला एकत्र वसवली गेली.)

राष्ट्रस्वभावाचा सिद्धांत डळमळतो तो दाव्हिद गालुला यांच्यापाशी. हे फ्रेंच अधिकारी १९५६ ते १९५८ अल्जीरियातल्या काबिली भागात होते. जनतेला आपल्याकडे वळवणं हाच खरा लढा, हे सांगणारं त्यांचं १९६४ चं पुस्तक त्यांनी इंग्रजीत, अमेरिकेत राहून लिहिलं. इराकमध्ये फसलेल्या अमेरिकी लष्कराने २००६ ची नियमपुस्तिका लिहिताना त्याचा भरपूर आधार घेतला. फ्रेंच भाषांतर आलं २००८ मध्ये, तेही अमेरिकी जनरल पेट्रेयस यांची प्रस्तावना घेऊन.