ट्रॅक्टरच्या इंजिनातील ‘मॅप’ म्हणजे काय?

भारतात १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना धुराविषयीचे ‘ट्रेम-४’ हे कडक नियम लागू झाले. त्यामुळे अशा अनेक ट्रॅक्टरांत जुन्या यांत्रिक पंपाच्या जागी कॉमन रेल पद्धती आली. तीत डिझेल किती व केव्हा सोडावयाचे हे ई. सी. यू. ही नियंत्रक पेटी ठरविते. या पेटीतील ‘मॅप’ बदलून अश्वशक्ती वाढवून देण्याची तयारी काही कारागीर दाखवितात. त्यास होकार देण्यापूर्वी मॅप म्हणजे काय, हे समजून घेणे हिताचे आहे.

मॅपचे स्वरूप : मॅप हे आकड्यांचे कोष्टक होय. एका बाजूस इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे आणि दुसऱ्या बाजूस चालकाने मागितलेला जोर मांडलेला असतो. दोहोंच्या छेदातील घरात दर वेळी सिलिंडरमध्ये सोडावयाच्या डिझेलचे वजन असते. उदाहरणार्थ, ठराविक जोरास १४०० फेऱ्यांच्या घरात ४३ मिलिग्रॅम व १६०० फेऱ्यांच्या घरात ४७ मिलिग्रॅम असल्यास, १५०० फेऱ्यांस पेटी मधला आकडा, म्हणजे ४५ मिलिग्रॅम, काढते.

परस्परांवर अवलंबून असणारी कोष्टके : फवाऱ्याची वेळ, रेलमधील दाब व धुराची मर्यादा यांचीही निरनिराळी कोष्टके असतात. १ भाग डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १४.५ भाग हवा लागते. परंतु सिलिंडरमध्ये डिझेल व हवा सर्वत्र सारखी मिसळत नाहीत. म्हणून हवा बरीच अधिक ठेवावी लागते. वरील उदाहरणात हवा ९०० मिलिग्रॅम असेल, तर ४५ मिलिग्रॅम डिझेलास तिचे प्रमाण २० पट पडते. हवा तेवढीच ठेवून डिझेल ६० मिलिग्रॅम केल्यास ते १५ पटीवर येते. मग काळा धूर निघतो, डिझेल उशिरापर्यंत जळत राहते, आणि वाढलेल्या उष्णतेने टर्बो, झडपा व पिस्टन यांस धोका पोहोचतो. क्लच व गिअर यांवरही मूळ आखणीपेक्षा अधिक भार येतो. कंपनीची हमी गमावण्याचा संभव असतो, तो निराळाच.

जोर कमी वाटल्यास पुढील क्रमाने तपासणी करावी :

१. हवेची गाळणी स्वच्छ आहे काय?
२. डिझेलच्या गाळणीत पाणी अथवा गाळ साचला आहे काय?
३. टर्बोकडून येणाऱ्या हवेच्या नळ्या सैल वा फुटलेल्या आहेत काय?
४. अवजार प्रमाणाबाहेर खोल चालते काय? चाके घसरतात काय?
५. फलकावर दोषाचा दिवा लागला आहे काय? तसे असल्यास अधिकृत कार्यशाळेत दोषांक वाचून घ्यावा.

दक्षता : ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या व ई. सी. यू.च्या जोडण्या काढाव्यात. धुताना पेटीवर दाबाचे पाणी मारू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी गावातील ट्रॅक्टरमालकांस ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. पुष्कळदा कमी झालेला जोर मॅपमध्ये नव्हे, तर धुळीने भरलेल्या गाळणीत सापडतो.